पहिला पेला कोणाच्या हातचा?

‘लपूनछपून घेण्यापेक्षा आमच्यासमोर घेऊ दे.’ सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांच्या तोंडून हे वाक्य आता पुण्यात सहज निघतं. त्याच्या पुढची पायरी म्हणून एक सूचनाही अधूनमधून येते: मोठ्यांच्या देखरेखीखाली या मुलांना पबमध्ये थोडी बिअर, थोडी वाइन घेऊ द्यावी, म्हणजे प्रमाणात पिण्याचं वळण लागेल. सूचना उडवून लावण्यासारखी नाही. इंग्लंडमध्ये २००३च्या परवाना कायद्यानुसार सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला, सोबत प्रौढ माणूस असेल आणि जेवण मागवलेलं असेल तर, टेबलावर बिअर किंवा वाइन घेता येते; पैसे मात्र मोठ्यानंच मोजायचे. जर्मनीच्या कायद्यात तर आईवडील शेजारी असले की चौदाव्या वर्षीही बिअरला मुभा देण्याची पद्धत चालत आली आहे. मी मनोविकारतज्ज्ञ आहे, व्यसनमुक्ती हे माझं रोजचं काम आहे आणि या सूचनेला माझा विरोध आहे. पण दारू वाईट, म्हणून विरोध, इतकं ते सरळ नाही. माझं भांडण ‘देखरेख’ या एका शब्दाशी आहे.

हा शब्द पारखायला पुण्यातल्या कोरेगाव पार्कपेक्षा आंबेगाव-जुन्नर तालुके बरे. महाळुंगे पडवळला कोणी पब काढायला जाणार नाही. मंचर, कळंब, नारायणगाव या पुणे-नाशिक रस्त्याच्या पट्ट्यात दिसतात ते ढाबे, परमिट रूम आणि देशीची दुकानं. पण देखरेखीखाली पिणं इथे कधीचंच रुळलेलं आहे. पोराचा पहिला पेला दरवेळी चोरून होतो असं नाही. तो वरातीत होतो, यात्रेच्या रात्री होतो, शर्यतीच्या घाटात आपला बैलगाडा पहिल्यात आला म्हणून होतो. डीजेच्या भिंतीमागे, जनरेटरच्या आवाजात, टेम्पोच्या फाळक्यावर प्लास्टिकचे ग्लास मांडलेले असतात. कोल्ड्रिंकच्या बाटलीत आधीच मिसळून आणलेलं असतं. सोळा वर्षांच्या पोराच्या हातात ग्लास देणारा हात चुलतभावाचा असतो, नाहीतर मामाचा. ‘मी आहे ना, घे एक.’ पोराच्या लेखी याहून भरवशाची देखरेख कुठली? आणि मामा स्वतः तिसऱ्या ग्लासावर असतो. पबमध्ये नेऊन मुलाला ‘शिकवणारा’ बापही पाणी पीत बसणार नाही. देखरेख करणारा पीत असतो आणि दुसरा पहारेकरी, म्हणजे पबवाला, विकत असतो. ज्याचा गल्ला ग्लासागणिक वाढतो त्याच्यावर ग्लास मोजण्याचं काम सोपवायचं, हा शेत खाणाऱ्या कुंपणालाच शेत सांभाळायला सांगण्याचा प्रकार आहे.

हे कुंपण कसं असतं ते महाराष्ट्रानं १९ मे २०२४च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरला पाहिलं. सतरा वर्षांचा मुलगा, भरधाव पोर्शे आणि मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते ठार. अपघाताआधी मुलगा मित्रांसोबत दोन ठिकाणी बसला होता आणि त्यातल्या एका ठिकाणचं बिल ४८ हजारांचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे सरळ जन्मतारीख बघण्याची देखरेखसुद्धा तिथे झाली नाही, असाच आरोप आहे. तारीख बघणं हे त्यातलं सर्वांत सोपं काम. या मुलाचा दुसरा ग्लास झाला, आता तिसरा द्यायचा नाही, ही पारख त्याहून कितीतरी अवघड, आणि ती त्याच काउंटरवर होईल असं आपण धरून चाललो आहोत.

बरं, समजा पबवाला प्रामाणिक आहे आणि बाप शुद्धीवर आहे. तरीही देखरेख फसते, आणि हे कारण शरीरातलं आहे. प्रौढ माणसाला चढली की जीभ जड होते, पाय लटपटतात, झोप येते. हे शरीराचे ब्रेक आहेत आणि आजूबाजूच्यांना मिळणारा इशाराही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे की वयात येणाऱ्या उंदराला तेवढ्याच दारूनं गुंगी कमी येते, तोल कमी जातो, पण स्मरणशक्तीवरचा मार मात्र जास्त बसतो. मुलांना ग्लास देऊन असे प्रयोग करता येत नाहीत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे माणसाला लावू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे. पोरगं ताठ बसलेलं दिसतं, म्हणून बापाला वाटतं, पचवतोय की! आत मेंदूचा पुढचा भाग, जो ‘थांब’ म्हणतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पुरता तयारच झालेला नसतो. त्यात मित्र समोर असले की गणित आणखी बिघडतं. अमेरिकेत २००५मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात हेच तपासलं: मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी एकटं असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला, प्रौढांच्या खेळात मात्र फारसा फरक पडला नाही. दारूचा थेंबही नसताना हे. पब ही तर मित्रांसमोर बसण्याचीच जागा.

‘पण घरी बापासोबत घेतलेली मुलं पुढे वाहवत नाहीत’ हा दावा राहतो. तो तपासून झालेला आहे. ऑस्ट्रेलियात रिचर्ड मॅटिक आणि सहकाऱ्यांनी १,९२७ मुलं आणि त्यांच्या पालकांचा सहा वर्षं मागोवा घेतला. निष्कर्ष २०१८मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आले. आईवडिलांनी दारू पुरवल्यानं मुलांचं कसलंही संरक्षण झालं नव्हतं. उलट अशा मुलांमध्ये एका बैठकीत भरमसाट पिणं आणि त्यातून होणारी इजा, दोन्हींचं प्रमाण न मिळालेल्या मुलांपेक्षा जास्त होतं. ज्यांना आईवडिलांकडूनही मिळाली आणि बाहेरूनही, त्यांचं सर्वांत जास्त, कारण घरची मिळाली म्हणून बाहेरची सुटत नाही. आता फ्रान्सचं उदाहरण येणारच, म्हणून सांगतो: १९५६पर्यंत तिथे शाळेच्या जेवणात लहान मुलांनाही वाइन मिळत असे. ती बंद केली फ्रेंच सरकारनंच, आणि २००९मध्ये अठराखालच्यांना बिअर-वाइन विकणंही थांबवलं. ज्यांच्या टेबलाचे दाखले आपण देतो तेच लोक मुलांसमोरची बाटली उचलून ठेवत आलेत.

आणखी एक फरक आहे आणि माझ्या मते तो निर्णायक आहे. युरोपात बहुतेक मुलं पिणारच, असं गृहीत धरून देखरेखीचा विचार पुढे येतो. आपल्याकडे ‘एम्स’च्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत दहा ते सतरा वयोगटातली दारू घेणारी मुलं १.३ टक्के निघाली. मुलं खरं सांगत नाहीत म्हणून हा आकडा तिप्पट धरा, तरी शंभरातली पंच्याण्णवहून अधिक मुलं पीत नाहीत. तिथे सवलत पिणाऱ्यांना आवर घालायला दिली जाते. इथे ती न पिणाऱ्यांना बोलावणं ठरेल.

वयाचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. अठराव्या वर्षी मत देता येतं, साडेसतराव्या वर्षी अग्निवीर होता येतं, शेजारच्या गोव्यात अठराव्या वर्षी बिअर मिळते. मग इथेच मूल कसं? हुतात्मा बाबू गेनू याच महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३०ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ते आडवे झाले तेव्हा उणेपुरे बावीस वर्षांचे होते. आजच्या नियमानं त्या वयाच्या तरुणाला व्हिस्की मिळत नाही. हे हास्यास्पद आहे, आणि पंचवीसची अट मला कधीच पटलेली नाही. जी कोणीच पाळत नाही ती अट बाकीच्या अटींनाही पातळ करते. पिण्याच्या परवान्याचंच बघा. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन, आयुष्यभराचा हजार. त्याच्या मसुद्यात दारू आरोग्याच्या जतनासाठी घेतली जाते, असं १९४९च्या कायद्याचं गंभीर चेहऱ्याचं कारण आहे. बाटली रोज घेणाऱ्या कित्येकांनी तो कागद डोळ्यांनी पाहिलेला नसतो. माझं म्हणणं असं की सगळ्या दारूला एकवीस हे एकच वय ठेवा आणि ते खरोखर तपासा. धैर्य अठराव्या वर्षी असतंच, त्याबद्दल वाद नाही. यकृत आणि मेंदू मात्र मतदार यादी वाचत नाहीत.

सरसकट दारूबंदीचा मी पुरस्कर्ता नाही. चंद्रपूरची बंदी २०१५ला आली आणि २०२१ला उठली, तेवढ्यात चोरट्या धंद्यानं काय कमावलं ते सर्वांना ठाऊक आहे. पण बंदी आणि सवलत यांच्या मधे बरीच जागा आहे. आइसलँडमध्ये १९९८ला पंधरा-सोळा वर्षांची ४२ टक्के मुलं महिन्यातून एकदा तरी झिंगलेली असत. २०१६ला ती ५ टक्क्यांवर आली. त्यांनी मुलांना पबमध्ये नेलं नाही. खेळ आणि संगीताला पैसे दिले, रात्री मुलं घरी राहतील हे पाहिलं आणि आम्ही अल्पवयीन मुलांना दारू देणार नाही, असे करार पालकांनी आपसांत केले. कबड्डीची मंडळं आणि तालमी आंबेगाव-जुन्नरला नव्यानं शोधायला नकोत. करार तेवढा करायचा आहे, आणि तो बापापेक्षा मामा-चुलत्यांनी करायला हवा.

तुळशीची लग्नं लागली की पुन्हा वराती सुरू होतील. फाळक्यावर ग्लास मांडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार अठराखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. सूट फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीला आहे, मामाला नाही.