मागणीचें माप

डोंगरमाथ्यावरील आमच्या घरीं सरकारी वीज नाहीं. सौर विजेचे दोन इन्व्हर्टर समांतर जोडलेले आहेत. पावसाळ्यांत बॅटऱ्या उतरल्या म्हणजे जनरेटर लावावा लागतो. परंतु बॅटऱ्या भरूं लागतांच जनरेटर मंदावे, विजेची वारंवारता ५० हर्ट्झांवरून घसरे व दोन्ही इन्व्हर्टर त्याच्याशीं संबंध तोडीत. मातोश्रींचें इन्सुलिन फ्रिजमध्यें; त्यामुळें घरांत काळजी पसरे आणि जो तो जनरेटरला बोल लावी. हिशेब मांडला तेव्हां उलगडा झाला. प्रत्येक इन्व्हर्टर ५४ व्होल्टांवर ६० अँपिअर बॅटऱ्यांत घाली. दोहोंचे मिळून ६४८० वॅट, आणि जनरेटर अवघा ५००० वॅटांचा! प्रत्येकाची मर्यादा २५ अँपिअरांवर आणतांच मागणी २७०० वॅटांवर आली, जनरेटर स्थिरावला व घरवापरासही वीज उरली. देणारा एक व घेणारे अनेक असले म्हणजे प्रथम बेरीज मांडावी, हें एकत्र कुटुंबांतील गृहिणीस सांगावयास नको.