बेचाळीस आणि तीन

रणजी करंडकातली मुंबईची जुनी जेतेपदं मी मोजतच नव्हतो. 2018 च्या जानेवारीत विदर्भानं पहिल्यांदा करंडक जिंकला, तेव्हापासून हे मत मी बोरगाव मेघेत, वर्ध्यात, नागपूरच्या नातेवाइकांत, जिथे क्रिकेटचा विषय निघेल तिथे ठासून मांडत आलो. मुंबईचे (आज बेचाळीस) आणि आमचे (आज तीन) करंडक हा हिशेबच खोटा आहे, त्यांचे निम्म्याहून अधिक करंडक आजच्या भावात शून्य किमतीचे आहेत, असं मी म्हणायचो. आज मी तसं म्हणत नाही. मत का बदललं ते सांगायला हवं, कारण विदर्भावरचं माझं प्रेम त्यात कणभरही कमी झालेलं नाही.

आधी जुनी बाजू मांडतो, कारण तिच्यात तथ्य होतं. 1934-35 साली स्पर्धा सुरू झाली तेव्हा जेमतेम पंधरा संघ होते आणि सगळे सामने बाद पद्धतीचे. दोन-चार सामने जिंकले की करंडक हातात. 2018-19 ला विदर्भानं जेतेपद राखलं तेव्हा स्पर्धेत सदतीस संघ होते. मुंबईकडे 1948 पासून कांगा लीग, त्याच्याही आधीपासून हॅरिस शील्ड, शिवाय बँका आणि मोठमोठ्या कंपन्यांमध्ये खेळाडूंसाठी नोकऱ्या. आमच्याकडे तसं काहीच नव्हतं. 1958-59 ते 1972-73 अशी सलग पंधरा वर्षं एकच संघ जिंकतो, याचा अर्थ समोर कुणी नव्हतंच, असा माझा दावा असे. त्यामागे एक जुना सलही होता. एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. रस्ते, पाणी, नोकऱ्या यांच्या अनुशेषाची भाषा ऐकत वाढलेल्या आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसांना करंडकांचा तक्ता हा त्याच अनुशेषाचा आणखी एक कागद वाटे.

म्हणून 2018 च्या जानेवारीतला इंदूरचा तो अंतिम सामना आमच्यासाठी नुसता सामना नव्हता. त्याआधी ईडन गार्डन्सवर कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवलेलं. मग दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, कर्णधार फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. पुढच्या वर्षी नागपूरच्या जामठ्याला अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध आदित्य सरवटेनं अकरा बळी घेतले आणि पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली. मधल्या इराणी करंडकात वसीम जाफरच्या 286 आणि संघाच्या 800 धावा. एवढं पाहिल्यावर मनानं ठरवलं की खरी स्पर्धा आता सुरू झाली, आधीचं सगळं तालीम होतं.

या मताला पहिला धक्का 2025 च्या मार्चमध्ये बसला, आणि तोही आमच्या विजयामुळे. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला. आमच्या पहिल्या डावात 379, त्यांच्या 342. सदतीस धावांच्या आघाडीवर करंडक आमचा झाला. मुंबईच्या जुन्या विजयांवर बोलताना माझं हुकमी वाक्य असे : “पहिल्या डावाच्या आघाडीवर जिंकणं म्हणजे अर्धं जिंकणं.” आता तेच वाक्य माझ्या समोर उभं राहिलं. दानिश मालेवारच्या 153, करुण नायरच्या 86 आणि 135, हर्ष दुबेचे त्या मोसमातले विक्रमी 69 बळी, हे सगळं अर्धं म्हणायचं का? वर्ध्यात जन्मलेल्या दर्शन नळकांडेनं त्या सामन्यात केरळचे तीन बळी घेतले आणि शेवटी नाबाद अर्धशतक केलं. तो विजय अपुरा आहे असं बोरगावात कुणी म्हणालं असतं तर मी भांडलो असतो. नियम सर्वांना सारखा असतो, संघ त्या नियमाला धरूनच डाव रचतो, केरळही एक आणि दोन धावांच्या आघाड्या घेत अंतिम फेरीपर्यंत आला होता, असं मी समजावून सांगितलं असतं. मग हेच 1960 च्या मुंबईला का लागू नये, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुसरा धक्का एका वडीलधाऱ्या शेजाऱ्यांनी दिला. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर तरुणपणी सामने पाहिलेले ते काकाजी. माझं मुंबईविषयीचं भाषण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “बाबू, आपल्याले तेव्हा हरवनारे कोन होते, ते त सांग.”

मुंबईनं कुणाला हरवलं याचा मी हिशेब ठेवला होता. आमच्यासमोर कोण होतं, हे कधी पाहिलंच नव्हतं. विदर्भ रणजीत उतरला 1957-58 ला. त्याच वर्षापासून स्पर्धा विभागवार साखळीची झाली आणि 1969-70 पर्यंत प्रत्येक विभागातला फक्त पहिला संघ पुढे जाई. दुसरा आला तर मोसम संपला. आम्ही मध्य विभागात, आणि त्या विभागात होता राजस्थान. सलीम दुराणी, हनुमंत सिंग, मुंबईहून तिकडे गेलेले विनू मंकड आणि विजय मांजरेकर, असा तो संघ. 1960-61 पासून 1973-74 पर्यंत राजस्थान आठ वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि आठही वेळा हरला. त्यातल्या सात वेळा मुंबईकडून.

या एका माहितीनं माझी दोन्ही गृहीतकं कोसळली. समोर कुणी नव्हतं, असं म्हणणं म्हणजे दुराणी आणि मांजरेकर कुणी नव्हते असं म्हणणं. आणि विदर्भाची करंडकाविना गेलेली साठ वर्षं म्हणजे साठ वर्षांचा नाकर्तेपणा, असं जे आतल्या आत वाटत होतं, तेही तितकंच खोटं. आठ वेळा अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाला मागे टाकल्याशिवाय आमच्या आधीच्या पिढ्यांना बाद फेरीचं दारच उघडत नव्हतं. जुने विजय स्वस्त ठरवताना मी आमच्याच जुन्या खेळाडूंचे पराभवही स्वस्त ठरवत होतो.

मग मुंबईच्या त्या पंधरा वर्षांकडे पुन्हा पाहिलं. विभागातून एकच संघ पुढे जाणार असेल तर एखादा वाईट सामना वर्ष बुडवू शकतो. पहिली बारा वर्षं मुंबईनं हा धोका दर मोसमात पेलला. “त्यांच्याकडे कसोटीपटू होते,” हे माझं आवडतं कारण. पण 1970-71 ला वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुलांनी महाराष्ट्राला हरवून करंडक घरी ठेवला. 1972-73 च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूचा पहिला डाव पद्माकर शिवलकर यांनी सोळा धावांत आठ बळी घेऊन मोडला. शिवलकर आयुष्यात एकही कसोटी खेळले नाहीत. कसोटी न खेळलेला माणूस ज्या संघाला अंतिम सामना जिंकून देतो, त्या संघाचं बळ मोठ्या नावांपेक्षा खोल कुठेतरी असतं. ते पावसाळी कांगा लीगमध्ये, शाळांच्या सामन्यांत आणि दर शनिवार-रविवारी भरणाऱ्या मैदानांत होतं.

हा वाद आपल्यापुरता नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे चाहते पिढ्यान्‌पिढ्या हेच भांडतात. प्रिन्स्टन विद्यापीठ 28 राष्ट्रीय विजेतेपदं सांगतं, येल 27, आणि त्यातली बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. 1869 च्या पहिल्या मोसमात प्रिन्स्टन आणि रटगर्स असे दोनच संघ होते, दोघांनी एकेक सामना जिंकला, तरी ते वर्ष प्रिन्स्टनच्या यादीत आहे. पुढे कित्येक दशकं विजेता मतदानानं ठरे. 2024 च्या मोसमापासून बारा संघांची बाद फेरी आली. तिथेही एक बाजू सगळं बेरजेत धरते, दुसरी जुनं सगळं पुसते. मला आता दोन्ही बाजू सारख्याच आळशी वाटतात, कारण त्या काळी मैदानावर काय घडलं हे पाहण्याचे कष्ट दोघीही टाळतात.

कोरडवाहू वावर आणि ओलिताचं वावर यांचा उतारा आपल्याकडचा शेतकरी एका रांगेत मांडत नाही. पाऊस किती झाला, विहीर होती का, हे विचारूनच तो कुणाच्या कष्टाला दाद देतो. संघाचंही तसंच मोजावं. त्या काळाच्या नियमांत वाट किती अरुंद होती, समोर कोण उभं होतं, आणि जिंकण्यासाठी संघानं आपल्या गावात काय उभं केलं, हे तीन प्रश्न मी आता विचारतो.

ते विदर्भालाही विचारावे लागतात. जाफर मुंबईचा, गणेश सतीश आणि करुण नायर कर्नाटकचे, पंडित मुंबईचे. जामठ्याचं मैदान, निवासी अकादमी, मंडळाकडून येणारा पैसा, हे आमचं ओलित. त्यामुळे आमचे करंडक हलके होत नाहीत. पैसा इतरांकडेही होता, आम्ही तो गुरबानी, सरवटे, दुबे घडवायला वापरला. पण मुंबईच्या कंपन्यांतल्या नोकऱ्यांना मी सवलत म्हणणार असेन, तर जामठ्यालाही तेच म्हणावं लागेल.

जुन्या मतातलं एक मात्र मी सोडलेलं नाही. बेचाळीस हा एकसंध आकडा नाही. 1934 चा करंडक, 1970 चा करंडक आणि 2024 ला वानखेडेवर आमच्याविरुद्ध जिंकलेला करंडक यांची बेरीज कागदावर होते, अर्थानं होत नाही. त्या शेवटच्या सामन्यात 538 धावांचा पाठलाग करत विदर्भ पाचव्या दिवसापर्यंत लढला आणि 368 वर संपला. पुढच्याच वर्षी उपांत्य फेरीत आम्ही मुंबईला ऐंशी धावांनी हरवलं. आजच्या काळातला खरा मुकाबला तो आहे, आणि त्यात आम्ही बरोबरीनं उभे आहोत.

म्हणून तक्त्यातलं अंतर मला आता छळत नाही. मला काळजी वाटते ती तिसऱ्या प्रश्नाची. मुंबईनं पंधरा वर्षं जिंकली ती गल्लीपासून संघापर्यंतची वाट रोज वाहती होती म्हणून. विदर्भाचे अकरा जिल्हे आहेत. वर्ध्यातून नळकांडे गेला, तसा हिंगणघाटातून, आर्वीतून, गडचिरोलीतून मुलगा दर काही वर्षांनी जामठ्याला पोहोचला पाहिजे. त्यासाठी तालुक्याला टर्फची खेळपट्टी हवी, शाळांचे लाल चेंडूचे सामने हवेत, आणि ते वर्षानुवर्षं न चुकता भरायला हवेत. पन्नास वर्षांनी कुणी आमच्या या दशकाचा हिशेब मांडायला बसेल, तेव्हा त्यानं करंडक मोजण्याआधी हे जिल्हे मोजावेत. त्या हिशेबात आपण कमी पडू नये, यासाठी आत्ता काम करणं मला मुंबईशी भांडण्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.