देसाई आणि देसाई

नाव माणसाला आईबापांच्या हौसेने मिळते; आडनाव मात्र कोणा दूरच्या पूर्वजाच्या पोटापाण्यापायी मागे लागलेले असते. तरीही आपण अभिमान बाळगतो तो आडनावाचा. परक्या गावी दुकानाच्या पाटीवर आपले आडनाव दिसले की पाऊल थबकते, आणि मालक आपलाच कोणी आप्त असावा असे उगाच वाटू लागते. आमचे आडनाव देसाई आणि मूळ घर रत्नागिरीच्या दक्षिणेस पावसला. खुद्द पावसलाही स्वामी स्वरूपानंद (1903–1974) ज्या ‘अनंत निवासा’त राहिले, ते घर देसायांचेच. ते देसाई निराळे आणि आम्ही निराळे, हे यात्रेकरूंस सांगण्यात आमच्या घरच्यांची हयात गेली आहे.

या मोहाची दुसरी बाजू आमच्यापुढे आली ती गेल्या वर्षी. बडोद्यास नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्याने तेथल्याच एका मुलीशी लग्न ठरविले. मुलगी अनाविल ब्राह्मणांची, मातृभाषा गुजराती, आडनाव देसाई. भाषा निराळी, याचे पावसच्या घरी कोणास विशेष वाटले नाही. परंतु पंच्याऐंशी वर्षांच्या आमच्या आत्याबाईंनी हातची पोथी मिटली आणि त्या म्हणाल्या, “अरे, देसायांची मुलगी देसायांच्याच घरात? हे तर भावाबहिणीचे लग्न झाले!”

घरात प्राध्यापक एकच. तेव्हा समजूत घालण्याचे काम आमच्याकडे आले.

देसाई हे कुळाचे नाव नव्हे, हुद्द्याचे आहे. परगण्याचा सारा गोळा करून सरकारात भरावयाचा आणि मोबदल्यात इनाम जमीन व हक्क वंशपरंपरेने उपभोगावयाचे, असे हे वतन. देशावर या वतनदारास देशमुख म्हणत. कोकणात, कर्नाटकात व दक्षिण गुजरातेत देसाई. म्हणूनच या एका नावाखाली नाना जातींची आणि भाषांची माणसे आढळतात. 1824 साली इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा ही मल्लसर्ज देसायांची पत्नी. घराणे लिंगायत, भाषा कानडी. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई 1892 साली सुरत जिल्ह्यातल्या सरस गावी जन्मले, ते अनाविल. ‘स्वामी’कार रणजित देसाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे. यांत एकाच्या वंशवृक्षाची फांदी दुसऱ्याच्या अंगणात गेलेली नाही.

युरोपातही हाच प्रकार. स्लोव्हेनियात सर्वांत अधिक आढळणारे आडनाव नोवाक. युक्रेनमध्येही नोवाक कुटुंबे आहेतच. शब्दाचा अर्थ ‘नवा आलेला’. गावोगाव कोणी ना कोणी नवा येतोच. तेवढ्यावरून साऱ्या नोवाकांना एका आजाची नातवंडे मानता येत नाही.

“तुझे युरोप राहू दे तिकडे,” आत्याबाई म्हणाल्या. तेव्हा आम्ही कुलकर्ण्यांचा दाखला दिला. गावागणिक कुलकर्णी, कुलकर्ण्यांची मुलगी कुलकर्ण्यांकडे देताना कोणी अडत नाही, गोत्र तेवढे पाहतात. आत्याबाई क्षणभर थांबल्या. “म्हणजे काम एक, घरे दोन. मग आधीच नाही का तसे सांगायचे? गोत्र विचारून घ्या.” गोत्र निराळे निघाले. सगोत्र विवाहासही 1946 च्या कायद्याने मान्यता दिली आहे, हे सांगण्याची पाळी आली नाही, हे एका परीने बरेच झाले.

रक्ताचे नाते नाही हे सिद्ध करता करता आम्ही एक दुसरेच नाते उकरून काढले, हे मात्र नंतर मनात घोळत राहिले. दोन्ही घरांचे पूर्वज सरकार आणि कुणबी यांच्या मध्ये उभे राहून जगले. पीक बुडाल्या साली कोणाच्या दारी किती वेळ बसावयाचे आणि कोणाची थाळीवाटी उचलावयाची, हा प्रश्न भाषा कोणतीही असो, त्या हुद्द्याबरोबर येणारच होता. 1950 साली मुंबई राज्याने परगणा व कुलकर्णी वतने कायद्याने रद्द केली. रत्नागिरी आणि सुरत हे दोन्ही जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. दहा वर्षांनी, 1 मे 1960 रोजी, राज्याचीही वाटणी झाली. वतन गेले, राज्य विभागले, नाव तेवढे दोहोंकडे उरले. त्याचा अभिमान बाळगावयाचा तर तो या जुन्या हिशेबासकट बाळगावा, असे आम्हांस वाटते.

पत्रिका छापावयास दिल्या तेव्हा छापखान्यातून निरोप आला, “दोन्हीकडे देसाईच पडले आहे, दुरुस्त करू का?” आहे तसेच राहू द्या, असे आम्ही कळविले. लग्नानंतर आडनाव बदलणार नाही, हे मुलीने आधीच सांगून ठेविले होते आणि तिने ते बदलले नाही. आता सूनबाईंचे देसाई माहेरचे की सासरचे, हे त्यांनी सांगितल्याखेरीज बाहेरच्या कोणास कळण्याचा मार्ग नाही. आणि आत्याबाईंनी तर ते विचारणेही सोडून दिले आहे.