आट्यांचा आटापिटा

माणसाचं वय झालं की गुडघे जातात आणि मोटारीचं वय झालं की आटे जातात. गुडघ्यांचं निदान एक बरं असतं; जाण्याआधी ते वर्षभर कुरकुरतात, घरातल्या सगळ्यांना ऐकवतात. आटे अबोल. नट घट्ट होत जातो, आपण समाधानानं पान्यावर आणखी थोडा जोर देतो, आणि तो गर्रकन मोकळा फिरतो. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडतो, त्याला मराठीत अजून शब्द नाही.

आमच्या मामांकडे कोल्हापुरात फोर्डची 'मॉडेल टी' आहे. आजोबांनी घेतलेली, १९२५ सालची. अमेरिकेत १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या निघाल्या, पण मामांसमोर हा आकडा काढायचा नाही. त्यांच्या मते अशी गाडी एकच. लग्नानंतर मामींना त्यांनी याच गाडीतून जोतिबाला नेलं होतं, आणि लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला पुन्हा याच गाडीतून न्यायचं असा त्यांचा संकल्प होता. मामींना त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. पन्नास वर्षांत तशी पद्धतच पडलेली नव्हती.

तयारी म्हणून पुढचं चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं, तर ते पिकल्या दातासारखं हललं. उद्यमनगरातल्या मिस्त्रींना बोलावणं गेलं. त्यांनी हबची टोपी काढली, नटाला पाना लावला आणि ते गर्रकन आम्हां सगळ्यांना ऐकू आलं.

"मालक," मिस्त्री म्हणाले, "हितं आटं हुतं, एवढंच आता म्हणायचं."

आता तुम्ही म्हणाल, एका नटाचे आटे गेले तर एवढं काय? तर पुढचं चाक ज्या आसावर फिरतं, त्या स्पिंडलच्या टोकाला हे आटे असतात. बेअरिंगचा कोन त्यांच्यावरच चढतो, मग वायसर, मग नट, आणि नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून आरपार एक पिन. साऱ्या आट्यांवर भार सारखा पडतो अशी आपली भाबडी समजूत. खरं म्हणजे नट आवळला की पहिल्याच आट्यावर जवळजवळ एक तृतीयांश ओझं येतं आणि मागचे आटे उतरत्या क्रमानं आराम करतात. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे यंत्रशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही.

हे आटे झिजले कसे, याचाही एक इतिहास आहे. मॉडेल टीच्या पुढच्या चाकांत एका बाजूचे आटे सुलटे आणि दुसऱ्या बाजूचे उलटे असतात.  ज्या बाजूचा नट काढाल तो त्याच बाजूला लावा, नाहीतर आट्यांची वाट लागेल, असं कंपनीनं आपल्या पुस्तकात तेव्हाच बजावून ठेवलं होतं. त्याच पुस्तकात डावं-उजवं कसं मोजायचं तेही दिलंय: गाडीकडे तोंड करून उभं राहायचं. म्हणजे आपलं डावं ते गाडीचं उजवं. आजवर ज्यांनी ज्यांनी या गाडीला हात लावला त्यांतल्या किती जणांनी हे इंग्रजी पुस्तक उघडलं असेल? उलट्या आट्याचा नट नेहमीच्या बाजूनं फिरवला की सुटायच्या ऐवजी आवळतो. मग माणूस चिडतो. मग छिन्नी येते आणि तिच्या मागोमाग हातोडा.

मिस्त्रींनी आधी सौम्य उपचार केला. एक चांगला नट हॅकसॉनं उभा कापून त्याची दोन भकलं केली, ती आतल्या बाजूच्या शाबूत आट्यांवर चिमटून धरली आणि हळूहळू बाहेरच्या दिशेला फिरवत आणली. दबलेले आटे असे सरळ होतात. इथे काळी घाण तेवढी निघाली आणि तिच्याखाली लोखंड गुळगुळीत, लोण्यासारखं. आटे दबले नव्हते, संपले होते.

"मग वेल्डिंग मारून भरा आणि लेथवर नवे आटे पाडा!" मामा म्हणाले.

आपल्याकडे वेल्डिंग हे आजीबाईच्या बटव्यातलं औषध आहे. नांगर मोडला, वेल्डिंग. ट्रॉलीची कडी तुटली, वेल्डिंग. पण मिस्त्रींनी मान हलवली. या गाडीसाठी हेन्री फोर्डनं व्हॅनेडियम मिसळलेलं, ताव देऊन मुरवलेलं पोलाद वापरलं होतं. त्याला वेल्डिंगची आच लागली की ताव उतरतो, जोडाच्या शेजारी ते ठिसूळ होतं आणि मग एखाद्या खड्ड्यात, काहीही न कळवता, कट्कन तुटतं.

"बारीक करून घ्या मग. लहान नट बसवू."

"आन् कोन? त्यो बी त्याच आट्यावर बसतोय की. मालक, हे चाक हाय, पातेलं न्हाई. नवा स्पिंडल आणा, न्हाईतर दुसरा मिस्त्री बगा."

मामा दुखावले. "माझ्या वडिलांचा हात लागलेला स्पिंडल आहे हा!"

वाद आणखी चालला असता, पण आतून मामी आल्या. "जोतिबाच्या दर्शनाला जायचंय ना? की थेट देवाच्या घरी?" एवढं बोलून त्या परत गेल्या. पन्नास वर्षांतला हा त्यांचा मोटारीविषयीचा पहिला अभिप्राय असावा.

मॉडेल टीचे सुटे भाग अमेरिकेत आजही मिळतात. मामांची नात तिकडेच असते. तिनं दुकानदाराला फोन केला, त्यानं विचारलं, "कुठल्या बाजूचा?" तिनं आजोबांना विचारून प्रामाणिकपणे सांगितलं, "ड्रायव्हरच्या बाजूचा." तिनं तो सुटकेसमध्ये, मामींसाठी घेतलेल्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणला. मिस्त्रींनी नट लावला. नट काही धरेना. दोनदा, तीनदा. मग त्यांनी स्पिंडल उजेडात धरला आणि हसायला लागले. अमेरिकेतला ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडच्या गाड्या फोर्डच्या कॅनडातल्या कारखान्यातून, ब्रिटिश मुलखासाठी उजवं स्टिअरिंग लावून यायच्या. दुकानदार बरोबर, नात बरोबर, मामा बरोबर, आणि आटे उलटे.

पण मिस्त्रींनी लगेच दुसरंही चाक उतरवलं. तिथले आटेही तितकेच थकलेले निघाले. अनाहूत पाहुणा तिथे चपखल बसला आणि पहिल्या चाकासाठी पुन्हा अमेरिकेला निरोप गेला, या वेळी फोटोसकट.

तो आल्यावर मिस्त्रींनी कोन आवळला, किंचित सैल केला, चाकाला हातानं गती दिली. चाक थांबताना ट्यूबचा व्हॉल्व्ह आपल्या वजनानं बरोबर खाली यायला हवा. आला. मग पिन घातली, तिची टोकं वाकवली. लग्नाला तोवर पन्नास वर्षं आणि अकरा आठवडे झाले होते.

निघताना मिस्त्री मागच्या सीटवर जाऊन बसले. "काम मी केलंय. मी न्हाई बसलो तर लोक काय म्हनतील?" वाटेत दोनदा उतरून त्यांनी हबला हात लावून पाहिला, तापाच्या पोराचं कपाळ पाहावं तसा. गाडीला पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत, त्यामुळे मामीही अधूनमधून चाकाकडे बघत होत्या, देवाचं नाव घेत.

शेवटच्या चढावर इंजिन मुसमुसलं. मॉडेल टीला पेट्रोलचा पंप नाही. टाकी सीटखाली, आणि पेट्रोल आपल्या वजनानं पुढे उतरतं. चढ मोठा आणि टाकी रिकामी असेल तर ते उतरतच नाही. मामांनी पेट्रोल बेताचंच भरलं होतं. मग त्यावरचा शंभर वर्षांचा जुना उपाय केला: गाडी वळवली आणि रिव्हर्समध्ये चढवली. मिस्त्री हात हलवत मागे, म्हणजे पुढे, धावत होते. आम्ही सगळे जोतिबाकडे पाठ करून वर निघालो होतो आणि मामी आयुष्यात पहिल्यांदाच निवांतपणे, पूर्ण चढभर, खालचं कोल्हापूर बघत होत्या.