चार मिलिमीटर

चक्कर येते म्हणून एमआरआय काढलेला असतो आणि रिपोर्टात भलताच ‘अ‍ॅन्युरिझम’ निघतो, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा. माणूस माझ्यासमोर बसतो तेव्हा निम्मा खचलेला असतो. मुलगा विचारतो, “डॉक्टर, ऑपरेशन कधी?” फुगा चार मिलिमीटरचा, रक्तवाहिनीच्या फाट्यावर, गुळगुळीत. यावर मी बऱ्याचदा सांगतो, “सध्या नाही.” आजवर शिकलेल्यात हे दोन शब्द सर्वांत अवघड आहेत.

करण्यासारखं हाताशी पुष्कळ आहे. वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये बाल्टिमोरला कवटी उघडून अशा फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप लावली. पुढे १९९० मध्ये लॉस एंजेलिसला गुलिएल्मी यांच्या प्लॅटिनम कॉइल आल्या. जांघेतून नळी मेंदूपर्यंत नेऊन फुगा आतूनच भरता येऊ लागला. पण दोन्हींत धोका आहे. वाहिनीत गुठळी होऊ शकते, फुगा हाताखालीच फुटू शकतो. जो कदाचित जन्मभर गप्प राहिला असता, त्याला हात लावून लकवा ओढवून घ्यायचा का, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न.

‘लॅन्सेट’मध्ये २००३ साली आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, आधी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांमधले मेंदूच्या पुढच्या रक्तवाहिन्यांवरचे सात मिलिमीटरहून लहान फुगे पाच वर्षांत फुटले नाहीत. तरीही आमच्या आयसीयूत फुटून येणारे कित्येक फुगे सातहून लहानच असतात. याचा उलगडा असा, की प्रौढांत शंभरातल्या साधारण तिघांना असा फुगा असतो आणि त्यांतले बहुतेक लहानच. एवढ्या मोठ्या संख्येतले मोजके फुटले, तरी आमच्या खाटा भरतात. म्हणून मी नुसत्या मापावर जात नाही. जागा बघतो, आकार बघतो. फुग्याला आणखी एखादं पिल्लू फुटलेलं दिसलं, तर चार मिलिमीटरलाही मी थांबत नाही.

थांबायचं ठरलं, की खरं काम सुरू होतं. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा एमआर अँजिओ, शक्यतो त्याच मशिनवर. नवी फिल्म मी नुसत्या मागच्या फिल्मशी ताडत नाही, अगदी पहिली काढायला लावतो. दर खेपेला केसभर वाढलेला फुगा मागच्या फिल्मशेजारी तसाच दिसतो. पहिलीशेजारी ठेवला की वाढ लपत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरक मोजण्यातलाही असू शकतो, त्यामुळे त्यावर लगेच काही ठरवत नाही. वाढ नक्की दिसली, तर मात्र थांबणं संपलं.

मधल्या काळात रक्तदाब. याबद्दल मी हट्टी आहे. “मावशी, गोळी कधी चुकते?” असं विचारलं की उत्तर येतं, “उपास असला की.” विडी-सिगारेटने फुगा फुटण्याचा धोका वाढतो. मिसरीही मी बंद करायला सांगतो, कारण निकोटिनने दाब चढतो.

आणि एक गोष्ट घरच्या सगळ्यांना बसवून सांगतो. क्षणात, आयुष्यात कधी झाली नाही इतकी डोकेदुखी सुरू झाली, मान आखडली, उलटी झाली, किंवा अचानक पापणी पडून एक बाहुली मोठी झाली, तर पित्त किंवा ऊन समजून घरी थांबायचं नाही. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असते. तो वेळेत बंद केला तरी चौथ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत वाहिन्या आकसू शकतात. म्हणून निमोडिपीन एकवीस दिवस, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. “ऑपरेशन तर नीट झालं, मग अजून आयसीयूत का?” असं नातेवाईक विचारतात, तेव्हा मी त्यांना हे दिवस बोटांवर मोजून दाखवतो.

उठताना मुलगी हमखास विचारते, “मीपण एमआरआय काढू का?” घरात एकट्या आईलाच फुगा असेल, तर सहसा मी नको म्हणतो. आई आणि मावशी दोघींना असेल, तर त्याच आठवड्यात काढायला सांगतो.