न्यूयॉर्कांतील बिऱ्हाड

मुंबईच्या चाळींत खोली मिळविण्यासाठीं लोकांनीं केलेल्या पायपिटीच्या कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. पागडीचे व्यवहारही जवळून पाहिले. परंतु भाडें देण्याची ऐपत असून आणि डोक्यावर छदामाचेंही कर्ज नसून मनुष्यास घर नाकारलें जातें, हें आम्हीं प्रथम २०२५ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्क येथें पाहिलें.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त त्या शहरीं गेला. बिऱ्हाड थाटतांना वडील माणूस जवळ असावें, म्हणून आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों. क्वीन्स भागांतील जॅक्सन हाइट्स ही वस्ती सर्वांस पसंत पडली. तेथें चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर आपल्याकडील डाळी, पिठें, मसाले सर्व मिळतें. विटांच्या कांहीं इमारतींच्या पोटांत चक्क बागा आहेत. हें सुख त्या शहरास आरंभापासून नव्हतें. ऑर्चर्ड स्ट्रीटवर १८६३ सालीं बांधलेली भाडेकरूंची एक इमारत आतां संग्रहालय म्हणून राखली आहे. तीन खोल्यांचीं तीं बिऱ्हाडें पाहतांना आम्हांस गिरगांवच आठवलें. पुढें १९०१ च्या कायद्यानें नव्या इमारतींत प्रत्येक खोलीस बाहेरची खिडकी आवश्यक ठरली.

आम्हांस आवडलेली जागा चौथ्या मजल्यावर होती. लिफ्ट नाहीं, भाडें महिना २४०० डॉलर. मालकानें नेमलेल्या दलालाचे पैसेही पूर्वीं बहुधा भाडेकरूच भरी. ११ जून २०२५ पासून ज्यानें दलाल नेमला त्यानेंच ते द्यावयाचे असा नियम झाल्यानें तें संकट टळलें. तेथील घरमालकांची वहिवाट अशी कीं, भाडेकरूचें वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या चाळीसपट हवें, म्हणजे ९६००० डॉलर. पुतण्या ह्या हिशोबांत बसत होता. घोडें अडलें तें निराळ्याच ठिकाणीं. तिकडे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवतात व तीवरून त्यास गुण देतात. आमच्या पुतण्यास गुणच नव्हते, कारण त्यानें तेथें कधीं कर्ज काढलेंच नव्हतें!

ही शिकवण आमचीच. धर्मराजानें यक्षास सुखी पुरुषाचीं जीं लक्षणें सांगितलीं, त्यांत ऋण नसणें आणि घर सोडून दूर नसणें हीं दोन्ही आहेत. तो भाग शिकवितांना आम्ही वर्गांत फार रंगत असूं. पुतण्याचें दुसरें लक्षण विमानांत बसतांच सुटलें होतें. पहिलें आतां आड येत होतें.

आम्ही जामीन राहण्यास पुढें सरसावलों. जन्मभर वर्तणुकीच्या शेंकडों दाखल्यांवर सह्या केलेला हा हात! कचेरींतील बाई सौजन्यानें म्हणाल्या, जामीनदार अमेरिकेंतच राहणारा हवा, आणि त्याचें उत्पन्न भाड्याच्या ऐंशीपट हवें. आम्हीं आपल्या निवृत्तिवेतनाचा मनांतल्या मनांत भागाकार केला व लेखणी खिशांत ठेवली. मग सहा महिन्यांचें भाडें आगाऊ देऊं केलें. तेंही नाहीं. २०१९ च्या कायद्यान्वयें एका महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत घेतां येत नाहीं, आणि आगाऊ भाडेंही त्यांतच धरलें जातें. कायदा भाडेकरूच्या हिताचा खरा. पण परदेशांतून आलेल्यास तोच दार लावून घेतो.

तिसऱ्या ठिकाणींही नकार आला, त्या रात्रीं पुतण्या जेवावयास बसला नाहीं. "काका, माझें चुकलें तरी काय?" असें त्यानें विचारलें. आम्ही निरुत्तर झालों. "उद्यां पाहूं, आधीं दोन घांस खा," असें त्याच्या काकूनें म्हटलें, तेव्हां कुठें तो उठला.

अखेर जामीन राहण्याचाच धंदा करणारी एक कंपनी भेटली. सुमारें महिन्याच्या भाड्याइतकें शुल्क, परत न मिळणारें, तिनें घेतलें, आणि पहिल्या पसंतीची ती जागा मिळाली. आम्हांस न ओळखणाऱ्यांची हमी ग्राह्य, सख्ख्या काकाची नाहीं! ह्या शुल्काचे रुपये किती झाले, तें आम्हीं घरीं अद्याप सांगितलेलें नाहीं.

१ ऑक्टोबरास किल्ली हातीं आली. त्या दिवसापासून ३१ मेपर्यंत घर ऊबदार राखणें मालकावर बंधनकारक असतें, हें आमच्या मंडळींस फार आवडलें. त्याच आठवड्यांत पुतण्यानें एका बँकेंत तीनशें डॉलर ठेवून तेवढ्याच उधारीचें कार्ड मागितलें. तें येतांच आयुष्यांतलें पहिलें कर्ज काढून त्यानें कुकर घेतला, आणि तो आम्हींच जिने चढून वर नेला.