दाराशी बसलेलं मॅग्नेशियम

आईला ओळखीच्यांची नावं आठवेनाशी झाली, तशी मामी म्हणाली, "मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू कर गं, स्मरणशक्तीला चांगल्या असतात." शाळेच्या प्रयोगशाळेत डोळे दिपवत जळणारी फीत, यापलीकडे मला मॅग्नेशियम ठाऊक नव्हतं. आमचं घर पुण्यात शनिवार पेठेत, रमणबागेजवळ. अप्पा बळवंत चौक हाकेच्या अंतरावर. तिथल्या पुस्तकांच्या दुकानातून शरीरक्रियाशास्त्राचं एक जुनं पुस्तक आणलं आणि पेन्सिल घेऊन बसले.

आणि चक्रावलेच. जे खनिज स्मरणाला हवं म्हणतात, त्याचं मेंदूतलं काम चक्क अडवण्याचं! मेंदूच्या पेशींवर एनएमडीए नावाची दारं असतात. आठवण पक्की व्हायची तर त्यांतून कॅल्शियम आत जावं लागतं. पण एरवी त्या वाटेत मॅग्नेशियमचा कण पहारेकऱ्यासारखा ठाण मांडून बसलेला असतो. पेशी चांगली उत्तेजित झाली की मगच तो बाजूला होतो, कॅल्शियम आत शिरतं आणि दोन पेशींमधला दुवा घट्ट होतो. 1984 साली पॅरिस आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मॅग्नेशियमचा हा पहारा 'नेचर'मध्ये मांडला. तो परिच्छेद मी कितीदा वाचला! पहारा नसेल तर बारीकसारीक खळबळीनेही दार उघडेल, आणि कॅल्शियम बेसुमार शिरलं तर पेशीच मरते. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

मग जास्त मॅग्नेशियम म्हणजे जास्त स्मरण? 2010 मध्ये उंदरांवर मॅग्नेशियम थ्रिओनेटचा प्रयोग झाला आणि त्यांची स्मृती सुधारली. माणसांबाबत एवढा भक्कम पुरावा अजून नाही. रक्ततपासणीवरही पुरता भरवसा ठेवता येत नाही. शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी रक्तात एक टक्काही नसतं; निम्म्याहून जास्त हाडांत. रिपोर्ट नॉर्मल आला तरी साठा पुरेसा आहे असं ठरत नाही.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी बी-12 आणि थायरॉईड तपासायला सांगितलं. शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं नेहमीचंच. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. मग आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पित्ताची गोळी किती वर्षं घेताय?" आई बरीच वर्षं रोज सकाळी ओमेप्रॅझोल घेते. अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्येच दिलाय. आमच्या घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

त्यातच कवळी बसल्यापासून आईची भाकरी सुटलीय. दोन्ही वेळा मऊ भात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात मॅग्नेशियम सुमारे 19 मिलिग्रॅम, ज्वारीत 133, नाचणीत 146. तांदूळ सडताना कोंडा जातो, त्याबरोबर मॅग्नेशियमही जातं. म्हणून आता सकाळी नाचणीची आंबील, भातावर तिळाची चटणी अगदी बारीक कुटून, आणि राजगिऱ्याची खीर, जी तिला मनापासून आवडते.

मामीने सुचवलेल्या गोळ्या मात्र तूर्त थांबवल्यात. जादा मॅग्नेशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात. मूत्रपिंडंच थकलेली असली तर ते रक्तात साचून हृदयावर बेतू शकतं. म्हणून मूत्रपिंडांचं काम कळण्यासाठी आधी क्रिएटिनिन तपासायचं आणि पित्ताची गोळी बदलता येते का, हे डॉक्टर ठरवणार. मंगळवारी रिपोर्ट घेऊन जायचंय.